बाळदम्याचं पोर सांभाळताना: पंप, पावसाळा आणि मधले शांत दिवस

मुलगा साडेतीन वर्षांचा होता तेव्हाची जुलैतली एक रात्र. बाहेर पावसाची झड, घरात चार दिवस न वाळलेल्या कपड्यांचा कुबट वास. दोनच्या सुमारास तो खोकत उठला, उशीला टेकून बसला आणि आडवा व्हायलाच तयार होईना. मी सदरा वर केला. प्रत्येक श्वासाला गळ्याखालची खळी आत जात होती, बरगड्यांमधली कातडी ओढली जात होती, पोट भात्यासारखं हलत होतं. छातीला कान लावला तर आत मांजरासारखी घरघर. सासूबाईंनी ओव्याची पुरचुंडी तव्यावर शेकायला घेतली आणि आम्ही उजाडायची वाट बघत बसलो. तेवढी वाट बघायला नको होती, हे मला दवाखान्यात पोचल्यावर कळलं.

आज तो दहा वर्षांचा आहे आणि कोल्हापुरातल्या आमच्या पेठेतल्या पोरांबरोबर फुटबॉल खेळतो. मधल्या वर्षांत बालरोगतज्ज्ञांकडून आणि स्वतःच्या चुकांमधून जे शिकले, ते इथे क्रमाने लिहिते आहे. त्यातली एक गोष्ट सगळ्यांत आधी सांगते. झटक्याची, म्हणजे एकदम दम लागण्याची, रात्र कशी जाणार हे आधीच्या दोन-तीन महिन्यांत ठरतं, मूल ठणठणीत दिसत असताना आपण काय केलं त्यावर.

आधी हे ओळखा: हा दमाच आहे का?

दम्यात श्वासनळ्यांना आतून कायमची बारीक सूज असते. त्यामुळे त्या हळव्या होतात. सर्दीचा विषाणू, धूर, धूळ, गार हवा असं काही लागलं की नळीभोवतीचे स्नायू आवळतात, आतलं अस्तर आणखी सुजतं, चिकट कफ साचतो आणि आधीच बारीक असलेली वाट आणखी अरुंद होते. हवा आत जाते, पण बाहेर पडताना अडते. शिट्टीसारखा आवाज येतो तो त्यामुळे. औषधाने ही वाट पुन्हा मोकळी होते.

एकदा सर्दी होऊन छाती वाजली म्हणजे दमा झाला असं नाही. पाच वर्षांखालच्या पुष्कळ मुलांची छाती विषाणूच्या सर्दीत वाजते आणि शाळेच्या वयात ते थांबतं. डॉक्टर बघतात तो प्रकार वारंवार होतो का ते. रात्री किंवा पहाटे खोकला वाढतो का, हसल्यावर, रडल्यावर, पळाल्यावर खोकल्याची उबळ येते का, सर्दी गेली तरी खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो का, अंगावर इसब किंवा सततच्या शिंका आहेत का, आई-बाबांपैकी कुणाला दमा किंवा ॲलर्जी आहे का, आणि धापेचं औषध दिल्यावर मूल चटकन मोकळं होतं का. फुंकर मारून करायची स्पायरोमेट्री साधारण पाच-सहा वर्षांनंतर नीट जमते. त्याआधी तुमची माहिती हाच मोठा पुरावा.

म्हणून एक काम आजच करा. छाती वाजत असताना मुलाचा सदरा वर करून मोबाईलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवा, आवाजासकट. सकाळी दवाखान्यात पोचेपर्यंत मूल हसत-खेळत असतं आणि रात्रीचं वर्णन आपल्याला धड करता येत नाही. आमच्या मुलाचं निदान पक्कं झालं ते अशा एका व्हिडिओमुळे.

काही लक्षणं मात्र वेगळ्या दिशेला बोट दाखवतात. एक-दोन वर्षांचं मूल शेंगदाणे, फुटाणे खाताना एकदम ठसकलं आणि तेव्हापासून छाती वाजतेय, तर दाणा श्वासनळीत अडकलेला असू शकतो. तिथे पंप चालत नाही, तातडीने दवाखानाच. जन्मापासूनची घरघर, वजन न वाढणं, दूध पिताना रोज ठसका, महिना-दीड महिना चाललेला ताप-खोकला यांत दम्याखेरीज दुसरं काही असू शकतं, तपासून घ्या.

बऱ्याच घरांत “दमा” हा शब्द नको असतो. “ॲलर्जीचा खोकला”, “छाती भरते”, “थंडी बाधते” असं म्हणत वर्षं जातात, विशेषतः मुलगी असेल तर. नाव टाळलं की उपचारही अर्धवट होतो. त्यात मुलाचंच नुकसान आहे.

दोन पंप, दोन कामं

आपल्याकडे इन्हेलरला सगळे पंपच म्हणतात, मीही तेच म्हणते. पंप दोन प्रकारचे असतात आणि गोंधळ इथेच होतो.

पहिला धापेचा पंप. यात साल्ब्युटामॉल किंवा लेव्होसाल्ब्युटामॉल असतं. आवळलेले स्नायू काही मिनिटांत सैल होतात, चार-सहा तास आराम पडतो. सूज मात्र तशीच राहते. दुसरा रोजचा पंप. यात ब्युडेसोनाइड, फ्लुटिकॅसोन, बेक्लोमेथासोन अशांपैकी एक स्टेरॉईड अगदी थोड्या प्रमाणात असतं. ते सूज उतरवतं, पण सावकाश. फरक दिसायला आठवडा-दोन आठवडे लागतात, पूर्ण गुण यायला त्याहून जास्त. झटका आल्यावर एकट्या रोजच्या पंपाकडून लगेच उताराची अपेक्षा करू नका, आणि रोज बरं वाटावं म्हणून नुसता धापेचा पंप ओढत राहू नका. जरा मोठ्या मुलांना कधी दोन्ही औषधं एकत्र असलेला पंप देतात; त्यांचा आराखडा वेगळा असतो, तो डॉक्टरांकडून लिहून घ्या.

रंगावर विसंबू नका, कंपनीगणिक रंग बदलतात. मी मार्करने एकावर “रोज” आणि दुसऱ्यावर “धाप” असं ठळक लिहिलंय. आज्जी-आजोबांच्या हाती मूल असतं तेव्हा याचा उपयोग कळतो.

मुलाला पंप सुरू झाला तेव्हा शेजारच्या काकू दारात उभं राहून म्हणाल्या होत्या, “पोराला पंप लावलास व्हय? आता जन्मभर सुटायचा न्हाई बघ!” तेव्हा मी रडले होते. आता कुणी तसं म्हटलं तर आकडा सांगते. वीस किलोच्या मुलाला झटक्यात प्रेडनिसोलोनचं पातळ औषध किंवा गोळी देतात, ती साधारण २० मिलिग्रॅम, म्हणजे २०,००० मायक्रोग्रॅम रोज. पंपातून त्याच मुलाला दिवसाला साधारण २०० मायक्रोग्रॅम मिळतं. शंभरावा हिस्सा, आणि तोही थेट नळीत. पंपाची सवय किंवा व्यसन लागत नाही. रोजच्या पंपाने उंचीवर परिणाम होतो का, हा प्रश्न रास्त आहे. पहिल्या वर्षी वाढ थोडी मंदावू शकते, फरक साधारण एखाद्या सेंटीमीटरचा राहतो. म्हणून दर तपासणीला उंची मोजून घ्या. धापा टाकत, रात्र-रात्र जागत वाढणारं मूल याहून जास्त मागे पडतं.

“एक इंजेक्शन मारलं की मोकळं” असं सांगणाऱ्यांपासून सावध राहा. वर्षात दोन-तीनदा स्टेरॉईडचा कोर्स लागत असेल तर दमा आटोक्यात नाही, उपचार नव्याने बघायला हवा. नाव-घटक न लिहिलेल्या पुड्या तर देऊच नका, अशा पुड्यांत स्टेरॉईड मिसळलेलं आढळलेलं आहे. मॉन्टेलुकास्टची गोळी चालू असेल आणि मूल अचानक चिडचिडं झालं, रात्री भेदरून उठू लागलं, उदास दिसू लागलं, तर लगेच डॉक्टरांना सांगा. हा या औषधाचा माहीत असलेला दुष्परिणाम आहे.

पंप द्यायची रीत: इथेच निम्मं औषध वाया जातं

मुलाच्या तोंडात पंप धरून थेट फवारा मारला तर औषधाचा बराचसा भाग घशावर आपटतो. म्हणून स्पेसर हवाच, ती दंडगोल प्लॅस्टिकची नळी. साधारण चार-पाच वर्षांपर्यंत मास्क लावून, नंतर तोंडात धरायच्या टोकाने.

मूल ताठ बसवायचं. लहान असेल तर मांडीवर, त्याची पाठ आपल्या छातीला. पंप चांगला हलवायचा. नवा असेल किंवा बरेच दिवस वापरला नसेल तर आधी दोन-चार फवारे हवेत सोडायचे. स्पेसरला जोडून मास्क नाक-तोंडावर घट्ट बसवायचा, गालाशी फट राहिली तर औषध तिथूनच निघून जातं. मग एक फवारा, एकच. मुलाला नेहमीसारखे पाच-सहा श्वास सावकाश घेऊ द्यायचे. स्पेसरची झडप प्रत्येक श्वासाला हलते, तिच्याकडे बघून मोजायचं. दुसरा फवारा द्यायचा असेल तर अर्धा मिनिट थांबून, पंप पुन्हा हलवून. दोन फवारे एकदम मारले तर दोन्हींतलं औषध आतच चिकटून बसतं. शेवटी चूळ भरून थुंकायची. अगदी लहान असेल तर पाणी पाजायचं आणि मास्कखालचा चेहरा पुसायचा. रोजच्या पंपानंतर हे न केल्यास तोंडात पांढरे चट्टे येतात.

रडणाऱ्या मुलाच्या छातीत औषध फारसं पोचत नाही. दाबून धरून देण्यापेक्षा मूल बरं असताना मास्कशी खेळू द्या, बाहुलीला “औषध” द्यायला लावा. आमच्याकडे मुलगा श्वास मोजताना बोटाने माझ्या मनगटावर टिचकी मारायचा, एक, दोन, तीन… पाचव्या टिचकीला मास्क काढायचा हा करार होता. रोजचा पंप आम्ही दात घासण्याच्या आधी ठेवला. चूळ आपोआप होते आणि विसरायलाही होत नाही.

स्पेसर आठवडा-दोन आठवड्यांनी कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब टाकून बुडवून काढा. फडक्याने पुसू नका. पुसल्यावर प्लॅस्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीला चिकटतं. पाणी निथळू द्या, रात्रभर वाळू द्या.

पंप संपला हे आवाजावरून कळत नाही. औषध संपलं तरी तो फुसफुसतो. डब्यावर २०० फवारे लिहिलेले असतील आणि रोज सकाळ-संध्याकाळ दोन-दोन लागत असतील तर पन्नास दिवस. सुरू केल्याची तारीख पंपावरच लिहा.

भुकटीच्या पंपात, म्हणजे रोटाहेलरसारख्या साधनात, मुलाला जोरात ओढता यावं लागतं, म्हणून तो साधारण सहा वर्षांनंतर. त्यातली कॅप्सूल गिळायची नसते. हे लिहावं लागतंय, कारण माझ्या ओळखीत एका आजोबांनी नातवाला महिनाभर ती पाण्याबरोबर दिली होती. त्यांना कुणी दाखवलंच नव्हतं. दुकानातून नवं साधन आणलं की पहिला डोस दवाखान्यात, डॉक्टरांसमोर घ्या.

नेब्युलायझरची, म्हणजे विजेवरच्या यंत्रातून मिळणारी औषधाची वाफ जास्त जोरदार असते असा समज आहे. साध्या आणि मध्यम झटक्यात स्पेसरमधून दिलेला पंप तेवढंच काम करतो, कमी वेळात आणि विजेशिवाय. आणि गरम पाण्याच्या पातेल्यावर मुलाला वाकवून वाफ देणं थांबवा. दम्यात तिचा उपयोग नाही, पाणी सांडून भाजण्याची भीती खरी आहे.

कोल्हापूरचं वर्ष आणि मुलाची छाती

लहान मुलांत झटक्याचं सगळ्यांत मोठं कारण म्हणजे सर्दीचे विषाणू. ते पूर्ण टाळता येत नाहीत. हात धुणं आणि दर वर्षी पावसाळ्याआधी फ्लूची लस, एवढं करता येतं. बाकीच्या कारणांना आपल्या गावाचं स्वतःचं वेळापत्रक आहे.

जूनच्या मध्याला शाळा आणि पाऊस एकदमच सुरू होतात. वर्गातली सर्दी, घरातली ओल. जुन्या पेठांतल्या जाड भिंतींवर काळे ठिपके उठतात ती बुरशी. ती कोरडी झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा, मूल दुसऱ्या खोलीत असताना. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे घ्या. ओले कपडे मुलाच्या झोपायच्या खोलीत वाळत घालू नका. २०१९ आणि २०२१ मध्ये ज्यांच्या घरात पुराचं पाणी शिरलं, त्यांनी भिजलेल्या गाद्या वाळवून पुन्हा वापरल्या आणि पुढे महिनोन् महिने पोरांचा खोकला हटेना, असं मी दोन घरांत पाहिलं. कापसाची गादी एकदा पुरात भिजली की टाकून द्यावी.

नवरात्राआधी घर धुऊन काढायची आपली पद्धत चांगली आहे, पण त्या दिवशी माळ्यावरची वर्षाची धूळ एकदम खाली येते. दम्याच्या मुलाला त्या दिवशी मामाकडे पाठवा. गोधड्या, चादरी, उशांचे अभ्रे मात्र फक्त वर्षातून एकदा धुऊन भागत नाही. धुळीतले किडे डोळ्यांना दिसत नाहीत, ते अंथरुणात राहतात. चादर-अभ्रे आठवड्याला कढत पाण्यात, साधारण ६० अंशांच्या, आणि मग कडक उन्हात. गादी-उशीला बंद खोळ.

दिवाळीच्या आसपास गळीत हंगाम सुरू होतो. उसाच्या फडातलं पाचट पेटवलं की धूर संध्याकाळी खाली बसतो, वर थंडीतलं धुकं. शेतघरी राहणाऱ्यांनी त्या वेळी खिडक्या लावून घ्याव्यात आणि आपल्या रानातलं पाचट तरी न जाळता कुजवावं, जमिनीलाही ते मानवतं. शहराची हवाही फार चांगली नाही. केंद्राच्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात जी शहरं हवेच्या निकषात बसत नाहीत म्हणून घेतली आहेत, त्यांत कोल्हापूर आहे.

पण मुलाच्या नाकाशी असलेला धूर घरातलाच असतो. सकाळचा बंब, चूल, डासांची कॉईल, उदबत्ती, धूप, कुणाची तरी विडी-सिगरेट. गॅलरीत उभं राहून ओढली तरी कपड्यांवरून तो वास आत येतो. आमच्याकडे बंब परसात हलवला आणि कॉईलऐवजी मच्छरदाणी आली, त्या वर्षी पहाटेचा खोकला किती कमी झाला ते मी वहीत बघू शकते.

आणि एप्रिल-मे. वर्षाची चटणी. मिरची भाजताना आणि डंकावर, म्हणजे मिरची कुटायच्या गिरणीत, कुटताना जो तिखट खाट उठतो तो धडधाकट माणसाला खोकवतो. मुलाला डंकावर नेऊ नका, चटणी घरात कालवायची असेल तेव्हा त्याला बाहेर पाठवा.

सगळंच एकदम टाळायला जाऊ नका. एक वही घाला. तारीख, रात्रीचा खोकला, धापेचा पंप किती वेळा, त्या दिवशी काय झालं. तीन महिन्यांत तुमच्या मुलाची दोन-तीन खरी कारणं समोर येतात. तेवढीच सांभाळा.

झटका आला तर

हा भाग कागदावर उतरवून फ्रिजवर चिकटवा, डॉक्टरांकडून फवाऱ्यांचा आकडा भरून घेऊन.

१. मुलाला ताठ, किंचित पुढे झुकवून बसवा. आडवं करू नका. भोवती घोळका नको, आवाज शांत ठेवा.
२. धापेचा पंप स्पेसरमधून द्या, एकेक फवारा करून. बहुतेक लहान मुलांच्या कागदावर एका वेळी दोन ते चार लिहिलेले असतात. तुमच्या कागदावर असतील तेवढे द्या.
३. घड्याळात वेळ बघून लिहा. वीस मिनिटांनी खळी, बरगड्या, बोलणं पुन्हा बघा. कमी नसेल तर तेवढेच फवारे पुन्हा, आणि निघायची तयारी.
४. तिसऱ्यांदा द्यायची वेळ आली तर ते फवारे गाडीत द्यायचे. आराम पडला पण तीन-चार तासही टिकला नाही, तरीही दवाखाना.

यातलं काही दिसलं तर वीस मिनिटं मोजत बसू नका: ओठ किंवा जीभ निळसर, एक वाक्य पुरं बोलता येत नाही, दूध-पाणी घेता येत नाही, मूल सुस्त किंवा घाबरंघुबरं, आणि घरघर चालू असताना अचानक छाती शांत होऊन मूल थकलेलं. शेवटचं लक्षण फसवं आहे. आवाज थांबला म्हणजे बरं वाटलं असं वाटतं, प्रत्यक्षात हवाच आत-बाहेर होत नसते. बोटाच्या ऑक्सिमीटरवर ९२ च्या खाली आकडा असेल तर लगेच निघा. आकडा चांगला असून खळी आत जात असेल तर खळीवर विश्वास ठेवा. १०८ ला फोन करा, वाटेत पंप चालू ठेवा. शहरात सीपीआर हे सरकारी रुग्णालय आहे. गगनबावडा, चंदगड, राधानगरीच्या बाजूला राहणाऱ्यांनी कोल्हापूरची वाट न धरता आधी जवळचं ऑक्सिजन असलेलं रुग्णालय गाठावं, आणि दोन पावलं आधीच निघावं.

झटका ओसरला की काम संपत नाही. एक-दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवा. कशामुळे झाला आणि रोजचा पंप खरंच रोज चालू होता का, या दोन प्रश्नांची उत्तरं प्रामाणिकपणे द्या. आमचे दोन मोठे झटके पंप “बरं वाटतंय” म्हणून मीच बंद केल्यानंतर आले.

खाणं, शाळा, मैदान

केळी, दही, भात, ताक, काकडी सगळं बंद केलेली कितीतरी मुलं मी पाहिली, सुकलेली. दुधाने कफ होत नाही. एखादा पदार्थ खाल्ला की दर वेळी त्रास होतो असं वहीत दिसलं तरच तो थांबवा. मृग नक्षत्राला मासा गिळायला हैदराबादला नेणारेही आहेत. त्याने दमा जातो याला वैद्यकीय आधार नाही. त्या खर्चात पंप आणि स्पेसर बरेच महिने येतात.

शाळेला लेखी द्या: मुलाला दमा आहे, धापेचा पंप दप्तरात आहे, असं झालं तर हे करा. एका वर्षी शाळेने पंप कार्यालयातल्या कपाटात ठेवून घेतला. क्रीडादिनाला मुलगा मैदानावर धापत बसला आणि कपाटाची किल्ली सापडायला पाव तास गेला. तेव्हापासून पंप त्याच्याच दप्तराच्या पुढच्या कप्प्यात असतो आणि वर्गातल्या दोन मित्रांना तो कुठे आहे ते माहीत आहे.

खेळ बंद करू नका. तालमीचं आणि फुटबॉलचं हे गाव, इथे कडेला बसवलेलं पोर आतून खचतं. आधी दहा मिनिटं हळूहळू अंग गरम करायचं, डॉक्टरांनी सांगितलं असेल तर खेळाआधी पंधरा मिनिटं धापेचा पंप घ्यायचा, खूप धुळीच्या दिवशी मैदानावर पाणी मारल्यावर उतरायचं. खेळताना रोजच धाप लागत असेल तर औषध कमी पडतंय असं समजा.

तपासणी आणि औषध कमी करणं

गेल्या चार आठवड्यांचा हिशेब विचारा. दिवसा त्रास आठवड्यातून दोनपेक्षा जास्त दिवस झाला का, पाच वर्षांखालच्या मुलात एकापेक्षा जास्त? रात्री खोकल्याने जाग आली का? धापेचा पंप वारंवार लागला का? खेळणं अडलं का? एकाचंही उत्तर “हो” असेल तर डॉक्टरांकडे जा. चारही “नाही” असं तीन महिने राहिलं की डोस उतरवायचा विचार होतो, पायरीपायरीने आणि डॉक्टरांनीच. मी एक विनंती नेहमी करते: जूनच्या तोंडावर डोस कमी करू नका, पावसाळा जाऊ द्या.

आणि पावसाळ्याचं एक शेवटचं काम. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. महापुरात शिरोलीजवळ महामार्ग काही दिवस बंद होता, वीज नव्हती, औषधांच्या गाड्या अडकल्या होत्या. आमच्याकडे पाणी ३९ फुटांवर गेल्याची बातमी आली की एक पिशवी भरली जाते: दोन्ही पंप, एक जादा धापेचा पंप, स्पेसर, औषधाची चिठ्ठी आणि वही, सगळं प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधून, दाराजवळच्या खुंटीला.